धुणाऱ्या हातांचा इतिहास

व्यवसायजन्य विकारांच्या अभ्यासाचा पाया घालणारे इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली मोदेना येथे प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात खाणकामगार आणि कुंभार यांच्याबरोबरच कपडे धुणाऱ्या स्त्रियांच्या दुखण्यांचाही स्वतंत्र विचार केला. दिवसभर ओलाव्यात वावरणाऱ्या या स्त्रियांच्या हातांना क्षारपाण्याने, म्हणजे लाकडाची राख पाण्यात कालवून काढलेल्या दाहक द्रावणाने, भेगा पडतात, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. नोंद झाली, पण पुढील दीडशे वर्षे तिच्यावरून कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही. कारण ज्यांचे हात फुटत होते त्यांच्या दुखण्याची दखल घेणे कोणाच्याच गरजेचे नव्हते.

या दुखण्याचे कारण त्वचेच्या रचनेत आहे. तिचा सर्वांत वरचा थर निर्जीव, चपट्या पेशींचा असून त्या पेशींमधल्या जागा स्निग्ध द्रव्यांनी विटांमधल्या चुन्यासारख्या सांधलेल्या असतात, आणि हा थर किंचित आम्लधर्मी असतो. साबण अल्कधर्मी असल्याने तो मळाबरोबर ही स्निग्धताही काढून नेतो; पाण्याने पेशी फुगतात, वाळताना आकसतात, आणि हे दिवसातून अनेकदा घडले की थराला सांधून येण्यास अवधीच मिळत नाही. त्यातून कोरडेपणा, खाज, लाली आणि भेगा उत्पन्न होतात. या अवस्थेला क्षोभजन्य संपर्क-त्वचादाह म्हणतात. त्यासाठी अॅलर्जी असावी लागत नाही, धुणे पुरेसे असते.

हात धुणे हा वैद्यकाचा नियम झाला तो मात्र रुग्णासाठी. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांना ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात हात धुण्यास भाग पाडले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ साली कार्बोलिक आम्लाने जंतुनाश करण्याची पद्धत मांडल्यावर शस्त्रवैद्यांचे हात पांढरट, बधिर आणि खरखरीत होऊ लागले. जंतूंवर चालणारे हे पदार्थ त्वचेवरही चालत होते, पण तो व्यवसायाचा भाग मानला गेला.

याला एके ठिकाणी जो अपवाद घडला तो विस्ताराने सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले, तेव्हा शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहाची व्यवस्था कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेकडे होती. हात निर्जंतुक करण्यासाठी तेथे मर्क्युरिक क्लोराईड, म्हणजे पाऱ्याच्या एका विषारी क्षाराचे द्रावण, वापरले जात असे, आणि त्याने हॅम्प्टन यांच्या हातांना व बाहूंना त्वचादाह झाला. त्यांच्या कामाचे मोल जाणणाऱ्या हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे १८९० साली त्या दोघांचा विवाह झाला, आणि कथनाचा सगळा भर बहुधा तेथेच राहतो; परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की हे मोजे जंतूंना अडवण्यासाठी नव्हे, तर काम करणाऱ्या स्त्रीची कातडी वाचवण्यासाठी जन्माला आले. सहायकांनी ते हळूहळू वापरात आणले, आणि त्यांपैकीच जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ साली हर्नियाच्या साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांचा ताळा मांडला, तेव्हा मोज्यांमुळे जखम चिघळण्याचे प्रमाण बरेच उतरल्याचे दिसले. कामगाराची काळजी घेतल्याने रुग्णही वाचला. उलट दिशेने हे आपोआप कधीच घडले नव्हते.

मोज्यांनी प्रश्न संपला असे मात्र नाही. एड्सच्या साथीनंतर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांत त्यांचा वापर अफाट वाढला आणि नैसर्गिक रबरातील प्रथिनांची अॅलर्जी कर्मचाऱ्यांत पसरली. मोज्यांतली पावडर ती प्रथिने हवेतही नेत असल्याने अमेरिकेने २०१७ पासून पावडर लावलेल्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली दृश्य मळ नसलेल्या हातांसाठी ग्लिसरीनयुक्त अल्कोहोल पसंत केले, कारण ते त्वचेची स्निग्धता साबणापेक्षा कमी हिरावते. भेगाळलेल्या हाताला मात्र ते झोंबते, म्हणून कर्मचारी त्यालाच दोषी धरून पुन्हा साबणाकडे वळतात आणि दुखणे वाढवून घेतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

रामाझ्झिनी यांनी ज्यांची दखल घेतली त्या वर्गापर्यंत यातले फारच थोडे पोहोचले. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत रसायनांच्या प्रत्यक्ष संपर्काने होणारा त्वचादाह अधिसूचित रोग म्हणून नोंदला गेला, म्हणजे तो आढळल्यास कळवणे बंधनकारक ठरले. पण ते बंधन कारखान्यापुरते होते. मुंबई-पुण्यात सकाळपासून चार-पाच घरची धुणी-भांडी करणाऱ्या बाईचे हात राखेऐवजी आता भांड्यांच्या साबणात आणि कपड्यांच्या पावडरीत असतात, आणि तिचे कामाचे ठिकाण कारखाना ठरत नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, तो मुख्यतः नोंदणी आणि आर्थिक साहाय्याचा. बोटांच्या बेचक्यांत पडलेल्या भेगांची नोंद करण्याचे बंधन त्यामुळे कोणावर आलेले नाही.