इंजिन तेलबदलाची पडताळणी

इंजिन तेलबदलाची पडताळणी म्हणजे मोटारगाडीच्या देखभालीच्या वेळी जुने इंजिन तेल काढून योग्य दर्जाचे नवे तेल योग्य प्रमाणात भरले गेले आहे की नाही, तसेच तेलगाळणी (ऑइल फिल्टर) बदलली आहे की नाही, याची वाहनमालकाने केलेली तपासणी होय. तेलबदल विक्रेत्याच्या अधिकृत सेवाकेंद्रात झालेला असो वा खासगी गॅरेजमध्ये, हे काम बहुधा मालकाच्या नजरेआड होते. त्यातील चूक लगेच दिसून येत नाही. मात्र तिचे परिणाम इंजिन निकामी होण्यापर्यंत जाऊ शकतात.

पार्श्वभूमी

इंजिन तेल हलत्या भागांमधील घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचे सूक्ष्म कण स्वतःत धरून ठेवते. उष्णता, इंधनाचे अंश आणि बाष्प यांमुळे कालांतराने त्याचे गुणधर्म घटतात. त्यामुळे ठरावीक अंतर किंवा ठरावीक मुदत, यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यानुसार तेल बदलण्याची शिफारस उत्पादक करतात.

तेलाची श्यानता ‘एसएई जे३००’ या मानकानुसार दर्शवली जाते. उदाहरणार्थ, ‘५डब्ल्यू-३०’ मधील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक असून त्याआधीचा अंक थंडीतील प्रवाहीपणा, तर नंतरचा अंक इंजिन तापल्यावरची श्यानता सूचित करतो. तेलाचा दर्जा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय), युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना (एसीईए) अशा संस्थांच्या वर्गवारीने ठरतो. श्यानता जुळली तरी दर्जा जुळेलच असे नाही.

तपासणीची पद्धत

गाडी ताब्यात घेताना, सेवाकेंद्राचे आवार सोडण्यापूर्वी, पुढील बाबी पाहिल्या जातात.

कागदपत्रे: जॉब कार्ड व बिलावर तेलाची श्यानता, दर्जा, लिटरमधील प्रमाण आणि गाळणीचा भाग क्रमांक यांची नोंद असावी. ही नोंद गाडीच्या माहितीपुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहता येते. पुस्तिकेत गाळणीसह आणि गाळणीविना अशा दोन क्षमता दिलेल्या असू शकतात. बिलावरील प्रमाण क्षमतेपेक्षा बरेच जास्त असल्यास स्पष्टीकरण मागणे योग्य ठरते.

तेलाची पातळी: गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक काढावी, पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग पातळी पाहावी. ती किमान व कमाल खुणांच्या दरम्यान असावी. तेलबदलानंतर ती कमाल खुणेच्या जवळ असणे अपेक्षित असते. नवी गाळणी इंजिन सुरू झाल्यावर भरते, म्हणून इंजिन एकदाही सुरू न करता घेतलेले माप फसवे ठरू शकते. काही आधुनिक गाड्यांना डिपस्टिक नसते. त्यांत पातळी पडद्यावर दिसते.

तेलाचा रंग: ताजे तेल बहुधा मधासारखे पारदर्शक असते. पेट्रोल इंजिनात ते काही काळ तसेच राहते. डिझेल इंजिनात मात्र उरलेल्या काजळीमुळे नवे तेलही अल्पावधीत काळे पडते. त्यामुळे डिझेल गाडीत केवळ काळ्या रंगावरून तेल बदललेच नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

गाळणी व ड्रेन प्लग: नवी गाळणी स्वच्छ व तिच्यावरील छपाई ठळक दिसते. काही मालक आधीच्या गाळणीवर रंगाची बारीक खूण करून ठेवतात. खूण कायम राहिल्यास गाळणी बदललेली नाही हे उघड होते. जुनी गाळणी दाखवण्याची मागणी गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घेणे सोयीचे असते.

गळती: गाडी काही वेळ उभी राहिल्यावर खाली थेंब पडले आहेत का हे पाहिले जाते. जुन्या गाळणीचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिले आणि त्यावरच नवी गाळणी बसवली गेली, तर तेल वेगाने गळू शकते. ड्रेन प्लग सैल राहणे किंवा अति आवळल्याने चेंबरचे आटे खराब होणे, हीदेखील गळतीची कारणे आहेत.

अपुरा पुरावा

डॅशबोर्डवरील देखभालीची सूचना बंद होणे हा तेलबदलाचा पुरावा नव्हे, कारण ती तेल न बदलताही पूर्ववत करता येते. तसेच पातळी योग्य असणे म्हणजे तेल नवे असणे नव्हे. कागदपत्रे, पातळी, रंग आणि गाळणी यांचा एकत्रित विचार केल्यासच अनुमान भक्कम होते.

चुकांचे परिणाम

तेल कमी पडल्यास दाब घटतो, बेअरिंगे झिजतात आणि अखेर इंजिन जाम होऊ शकते. तेल जास्त झाल्यास क्रँकशाफ्ट ते घुसळते, फेस होतो आणि दाब अस्थिर होतो. गाडी चालवताना तेलदाबाचा लाल दिवा लागल्यास सुरक्षित जागी थांबून इंजिन तत्काळ बंद करणे आवश्यक असते. कणगाळणी (डीपीएफ) असलेल्या डिझेल गाड्यांत तिच्या स्वच्छतेच्या प्रक्रियेदरम्यान काही इंधन तेलात मिसळून पातळी हळूहळू वाढू शकते; ही वाढ सेवाकेंद्राच्या चुकीमुळेच झाली असे समजू नये.

तक्रार व दाद

शंका आल्यास गाडी फारशी न चालवता डिपस्टिक, गाळणी व ओडोमीटरच्या वाचनाची छायाचित्रे घेऊन सेवाकेंद्राला लेखी कळवणे इष्ट असते. हमी कालावधीतील दाव्यांसाठी देखभालीची बिले महत्त्वाची ठरतात. भारतात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी सामान्यतः दोन वर्षांची मुदत आहे. ग्राहक आपल्या निवासस्थानाच्या जिल्ह्यातील आयोगाकडेही दाद मागू शकतो. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

हे सुद्धा पहा

वंगण
अंतर्ज्वलन इंजिन
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९