पायाखालच्या पेट्या

तंबोरा जुळवणाऱ्या माणसाकडे आपण कधी निरखून पाहिले आहे का? तारा स्वरात आल्या तरी त्याचे समाधान होत नाही. घोडीवर, तारेच्या खाली, तो सुताचा एक बारीक धागा सरकवतो. थोडा पुढे, थोडा मागे. आणि एका ठिकाणी तो धागा असा काही बसतो की, आतापर्यंत मुकाट वाजणारी तार एकदम झणकारू लागते. कुणी न छेडलेला स्वयंभू गंधार त्यातून ऐकू येतो. ह्यालाच आपण जवारी म्हणतो. काटेकोर हिशेबाने पाहाल, तर तार घोडीला घासून निघणारी ती एक खरखर आहे. पण मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या ती खरखर जिवापाड जपली.

ही जवारी मला आठवली ती माझ्या नातवामुळे. गेल्या पावसाळ्यात त्याने माळ्यावरचा जुना सागवानी पाट खाली काढला. मला वाटले, घरात कुणाचे केळवण असेल. "आजोबा, हा पाट आता जेवायला मिळायचा नाही," असे म्हणून त्याने पाटाला भोके पाडायला सुरुवात केली. महिनाभराने त्या पाटावर पत्र्याच्या पाच डब्या बसल्या होत्या आणि प्रत्येकीवर पायाने दाबायचे एकेक बटण होते. ह्याला म्हणतात पेडलबोर्ड. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, घरीच डाख देऊन पोराने तो उभा केला होता.

आता ही चीज काय आहे, ते थोडक्यात सांगतो. विजेच्या गिटारला स्वतःचा आवाज असा फारसा नसतोच. पोलादी तार हलली की, तिच्याखालच्या लोहचुंबकावर गुंडाळलेल्या वेटोळ्यात अगदी क्षीण असा प्रवाह निर्माण होतो, तो वायरीतून अँप्लिफायरकडे जातो आणि तिथे मोठा होतो. म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर ह्यांच्या मध्ये नाद हा नाद नसून वीज असतो. त्या विजेला वाटेत गाठून तिचे काही कमीजास्त करता येते. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून कळ पायाकडे. आपल्या नाटकमंडळ्यांतल्या पायपेटीचे दूरचे भावंड म्हणा ना!

मौज अशी की, ह्या पेट्यांतून जे आवाज आज मुद्दाम काढतात, त्यांतला सर्वांत गाजलेला आवाज कुणी शोधून काढलेला नाही. तो बिघाडातून आला. 1951 साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात आइक टर्नर यांचा वाद्यवृंद 'रॉकेट 88' हे गाणे ध्वनिमुद्रित करायला निघाला होता. वाटेत त्यांच्या गिटारवादकाच्या अँप्लिफायरला अपघात झाला. कुणी म्हणतात गाडीवरून पडला, कुणी म्हणतात पावसात भिजला. स्पीकरचा कागदी पडदा फाटला होता. दुरुस्तीला वेळ नव्हता. सॅम फिलिप्स यांनी त्यात कागदाचे बोळे कोंबले आणि तसेच काम उरकले. आवाज फरफरत आला, आणि तो लोकांना आवडला! 1958 मध्ये लिंक रे ह्या वादकाने तर आपल्या अँप्लिफायरच्या स्पीकरला स्वतःच भोके पाडली. 1964 मध्ये लंडनच्या 'द किंक्स' ह्या मंडळीतील डेव्ह डेव्हिस ह्या पोराने दाढीच्या पात्याने स्पीकर चिरला. बापाने पाहिले असते, तर कान उपटला असता.

पण खरी गोष्ट घडली ती नॅशव्हिलमध्ये. मार्टी रॉबिन्स यांचे 'डोंट वरी' हे संथ, सोज्ज्वळ गाणे ध्वनिमुद्रित होत होते. ते 1961 मध्ये बाहेर आले. ग्रेडी मार्टिन हे जाणते वादक खर्जातली गिटार वाजवीत होते. त्यांचा एकल तुकडा आला आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्रातील एका भागाने दगा दिला. गिटार गिटारसारखी न वाजता भुंग्यासारखी घोंगावली. आता काय करायचे? तुकडा पुन्हा वाजवून घेणे काही अवघड नव्हते. नीटनेटके काम करणाऱ्या माणसाने तेच केले असते. शेवटी तो तुकडा तसाच ठेवायचे ठरले. गाणे अमेरिकेच्या ग्रामीण संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि ह्या आवाजाला गिऱ्हाईक मिळाले.

तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांच्यापुढे मात्र पेच पडला. बिघडलेला भाग हळूहळू अगदीच निकामी होत चालला होता. लोकांना हवा तो बिघाड. आणि बिघाडच बिघडला! तेव्हा स्नॉडी यांनी आपले सहकारी रेव्हिस हॉब्स यांच्या मदतीने तोच आवाज ट्रान्झिस्टरांवर बांधून काढला. गिब्सन कंपनीने ती जोडणी घेतली आणि 1962 मध्ये 'मेस्ट्रो फझ-टोन' ही पायपेटी बाजारात आणली. आत जर्मेनियमचे तीन ट्रान्झिस्टर.

तिचे काम समजायला सोपे आहे. तारेच्या नादाची लाट गोल डोंगरासारखी असते. ट्रान्झिस्टरवर तिचा भार इतका टाकायचा की, त्याच्या आवाक्याबाहेर गेलेले शिखर कापले जावे. डोंगराचे पठार झाले की, मूळ स्वरात नसलेले किंवा अगदी दबलेले उपस्वर जोराने वर येतात. म्हणजे पाहा, फिरून आपण तंबोऱ्यापाशी आलो. तिथे सुताचा धागा, इथे अतिभाराने दमलेला ट्रान्झिस्टर. साधने वेगळी, पण एका तारेतून अनेक स्वर उठवण्याची भूक तीच.

कंपनीने तरी ह्या पेटीचे मर्म ओळखले असेल असे वाटते ना? छे! ह्या पेटीने गिटारीतून तुतारी, ट्यूबा, चेलो असे आवाज काढता येतात, अशी जाहिरात केली. गिटार सोडून खोटी तुतारी कोण वाजवणार? पेट्या दुकानांत धूळ खात पडल्या. 1965 च्या मे महिन्यात 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन'च्या ध्वनिमुद्रणात ती वापरली, तीही तात्पुरती. मागाहून त्या जागी खरी पितळी वाद्ये घालायचा त्यांचा विचार होता. बाकीच्यांनी त्यांचे म्हणणे मोडून काढले आणि गाणे तसेच प्रसिद्ध झाले. पडून राहिलेल्या पेट्या हातोहात संपल्या. एका बिघाडाने दोनदा, दोन निरनिराळ्या खंडांतल्या माणसांकडून, असे थोडक्यात जीवदान मिळवले आहे.

पुढचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे. 1966 मध्ये कॅलिफोर्नियात ब्रॅड प्लंकेट यांनी अँप्लिफायरमधील एका महागड्या स्विचऐवजी साधे फिरते बटण बसवून पाहिले. ते फिरवले की आवाज 'वाऽऽ' असा उघडझाप करी. ती जोडणी ऑर्गनच्या पायपट्टीत घातली आणि 'वा-वा' पेडल झाले. प्रतिध्वनीचे तंत्र त्याआधीचे. रे बट्स ह्या वाद्यविक्रेत्याने टेपचे वेटोळे घातलेला अँप्लिफायर बनवला होता आणि एल्व्हिस प्रेस्ली यांचे साथीदार स्कॉटी मूर 1955 पासून तो वाजवीत होते.

पण घरगुती कामाचा नमुना म्हणून मला आवडते ती एका बापलेकांची गोष्ट. 1963 साली लंडनजवळच्या फेल्टममध्ये ब्रायन मे ह्या शाळकरी मुलाला नामांकित कंपनीची गिटार परवडत नव्हती. वडील हॅरल्ड मे इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. घरचा टेलिव्हिजनसुद्धा त्यांनी हाताने बांधलेला. दोघांनी मिळून सुमारे दोन वर्षे खपून गिटार केली. तिचा दांडा एका जुन्या शेकोटीच्या लाकडाचा, स्प्रिंगा मोटारसायकलीच्या, आणि तार ढिली करण्याच्या दांडीला टोक आईच्या विणकामाच्या सुईचे. पुढे ह्याच 'क्वीन' मंडळीतील जॉन डीकन यांना रस्त्यावरच्या कचऱ्यात इलेक्ट्रॉनिक जोडणीचा एक तुकडा सापडला. तो त्यांनी छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला. 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या त्या खोक्यातून मे यांनी 1975 च्या 'गुड कंपनी' ह्या गाण्यात अख्खा जाझ वाद्यवृंद उभा केला. मुलगा खगोलशास्त्राचे संशोधन अर्धवट टाकून गाण्याबजावण्यात पडला, ह्याचे वडिलांना फार वाईट वाटले होते. ज्या बापाने गिटार करायला हात दिला, त्यालाच ती गिटार मुलाला कुठे नेते आहे हे पाहवेना! मे यांनी पीएच. डी. पुरी केली ती 2007 मध्ये. तोवर वडील राहिले नव्हते.

अनेक पेट्या एका फळीवर मांडण्याची कला 1970 नंतर वाढली. इंग्लंडमध्ये पीट कॉर्निश यांनी फिरतीवरच्या वादकांसाठी एकाच वीजपुरवठ्यावर चालणारे मोठे बोर्ड बांधले. 1975 मध्ये क्रेग अँडर्टन यांचे घरगुती जोडण्यांवरचे पुस्तक आले आणि हौशी मंडळींच्या हाती वाटाड्या लागला. आता एकाच डिजिटल पेटीत शंभर आवाज मिळतात. तरीही पोरे डाख देत बसतात.

का, ते मला त्या पाटाशेजारी बसून कळले. पहिल्या दिवशी बोर्ड मुका! नातवाने पाचही डब्या एकाच अडॅप्टरला जोडल्या होत्या. त्यांतली फझची डबी जुन्या पद्धतीची, जर्मेनियमची. तिच्यात धन टोक पत्र्याला जोडलेले, बाकीच्यांत ऋण. वायरींतून सगळे पत्रे एकमेकांना मिळाले आणि वीजपुरवठा सरळ शॉर्ट झाला. त्या डबीला वेगळी बॅटरी दिली. मग क्रमाचा घोळ. प्रतिध्वनी आधी आणि फझ नंतर असे जोडले, तर मागचे पडसाद पुढच्या स्वरात कालवून त्यांचा चिखल होतो. फझ गिटारीला लागून पुढे आणली, प्रतिध्वनी शेवटी नेला. स्वर सुटे झाले.

तरी 'घूंऽऽ' अशी गुणगुण उरलीच. दोन रात्री पोरगा झोपला नाही. मी म्हटले, "अरे, तुझ्या त्या स्नॉडीने बिघाड ठेवला, तूही ठेव की!" तो चिडला. "आजोबा, तो बिघाड स्वराबरोबर यायचा, स्वराबरोबर जायचा. ही गुणगुण मी वाजवत नसलो तरी चालूच आहे. ही माझी नाही."

मला उत्तर सुचले नाही. शेवटी 'वा-वा'च्या पोटातले वेटोळे शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण उचलते आहे, असे निघाले. ट्रान्सफॉर्मर पाटाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला आणि खोली शांत झाली. फझचे बटण दाबताना 'टक्' असा आवाज अजून येतो. तो काढायचा की नाही, ह्याचा निर्णय अद्याप व्हायचा आहे.