लाखेची डाळ आणि पांगळेपण : एका विषाचा इतिहास

विश्रामबाग, मिरज, तासगाव या परिसरातील वाचकांस लाख हे कडधान्य परिचित असण्याचे फारसे कारण नाही. आपल्याकडील शिवारात ज्वारी, हरभरा, ऊस, हळद आणि द्राक्षे दिसतात. परंतु महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भाताच्या मुलखात, लाख हे पिढ्यान् पिढ्या गरिबाचे अन्न राहिले आहे. भाताची कापणी होण्यापूर्वी जमिनीत ओल असतानाच उभ्या पिकात तिचे बी फेकतात. तिला निराळी नांगरट लागत नाही, पाणी द्यावे लागत नाही. गहू करपला तरी लाख तगते, आणि तिच्या दुर्लौकिकाचे मूळही या तगण्यातच आहे. ज्या वर्षी दुसरे काही पिकत नाही त्या वर्षी माणसे केवळ लाखेवर दिवस काढतात; असे काही महिने गेले म्हणजे त्यांतील कित्येकांचे पाय ताठरतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. इटालियन वैद्य कांतानी यांनी 1873 साली या विकारास लॅथिरिझम हे नाव दिले. त्याचे कारण शोधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचा आहे.

या अन्नाविषयीचा संशय प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत वर्णिलेला कलायखंज हा विकार, ज्यात रोगी चालू लागताच कापतो व लंगडतो, या पांगळेपणाशी जुळतो असे अनेक अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्रिपुट नावाच्या कडधान्याने माणूस लंगडा व पांगळा होतो असे स्पष्ट म्हटले आहे. युरोपात व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने 1671 साली या धान्याचे पीठ भाकरीत मिसळण्यास मनाई केली होती. तात्पर्य, ‘हे खाल्ल्याने पाय जातात’ हे ज्ञान जुनेच होते. खाणाऱ्यांपैकी काहींचेच पाय का जातात, याचा उलगडा मात्र होत नव्हता.

आधुनिक काळातील पहिली तपशीलवार नोंद आपल्या इतिहासाशी निगडित अशा प्रदेशातील आहे. सागर प्रांत 1818 पर्यंत मराठ्यांच्या सत्तेखाली होता. तेथे पुढे इंग्रज अधिकारी असलेल्या विल्यम स्लीमन यांनी 1844 साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात एका खेड्याची हकीकत दिली आहे. 1829 साली गारपिटीने, 1830 साली अवर्षणाने आणि 1831 साली तांबेऱ्यासारख्या रोगाने तेथील गहू बुडाला. लाख मात्र तिन्ही वर्षे उत्तम आली, आणि लोक तिच्यावरच जगले. 1833 पासून तिशीच्या आतील स्त्रीपुरुषांच्या कमरेखालील अंगातील शक्ती एकाएकी जाऊ लागली. दोन वर्षांत त्या गावातील निम्मी तरुण पिढी या विकाराने ग्रासली. स्लीमन हे वैद्य नव्हते. परंतु पिकांचा क्रम आणि रोग्यांचे वय त्यांनी नोंदवून ठेवले म्हणून आज आपणास त्या घटनेचा अर्थ लावता येतो.

1896 ते 1902 या दुष्काळी वर्षांत, ज्यात आजचा पूर्व विदर्भ समाविष्ट होता त्या मध्यप्रांतात हीच आपत्ती पुन्हा ओढवली. तिच्यावर मेजर ब्यूकॅनन यांनी अहवाल लिहिला. रेवा भागात तर सुकाळातही रोगी सापडत, कारण तेथे बांधील मजुरांस मजुरीच लाखेच्या रूपाने मिळे. 1942 साली रुमानियाच्या अमलाखालील वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना गुरांचा हा चारा खावयास घालण्यात आला, आणि शेकडो पांगळे झाले. कैद्यांपैकीच असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला. सागरचे खेडे, रेव्याचे मजूर आणि ही छावणी यांत एक गोष्ट समान आहे : ताटात दुसरे काही घेण्याची मुभा कोणासच नव्हती.

भारतात 1961 साली लाखेच्या विक्रीवर निर्बंध आला. त्यानंतर तीन वर्षांनी, 1964 साली, बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व शर्मा यांनी, आणि दिल्लीत मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमण्यन् यांनी, लाखेतील विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. हे आम्ल रचनेने ग्लुटामेटसारखे असते. ग्लुटामेट हा एका चेतापेशीचा संदेश दुसरीस पोहोचविणारा पदार्थ होय. त्याच्या सोंगाने हे विष चेतापेशीस अविरत उत्तेजित करते व अखेर थकवून मारते, असा पहिला उलगडा झाला.

दुसरा उलगडा पेशीच्या अधिक आत नेणारा होता. पेशीतील तंतुकणिका अन्नातून ऊर्जा निर्माण करतात. या कामी विकरांचे पाच समूह साखळीने राबतात. डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 नंतरच्या दशकात उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, लाखेचे विष या साखळीतील पहिल्याच समूहाचे काम बंद पाडते. हा समूह वैद्यकास अपरिचित नव्हता. 1982 साली कॅलिफोर्नियात सदोष रीतीने बनविलेले अमली द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांस एकाएकी कंपवातासारखी अवस्था प्राप्त झाली. त्यातील द्रव्यापासून मेंदूत तयार होणारे विषही याच समूहावर घाला घालते. दोन्ही विकार एक नव्हेत. कंपवात वाढत जातो. लाखेचे पांगळेपण बहुधा आहे तेथे थांबते. परंतु ऊर्जेविना उपाशी पडलेली चेतापेशी दोहोंतही मरते.

काहींचेच पाय का जातात, या जुन्या प्रश्नाचे उत्तरही येथून काही अंशी मिळते. तंतुकणिकांचे काम बिघडले की पेशीत दाहक ऑक्सिजन-द्रव्ये साचतात. त्यांपासून पेशीचे रक्षण करणारे ग्लुटाथायोन हे द्रव्य गंधकयुक्त अमिनो आम्लांपासून बनते. लाखेत प्रथिने विपुल असली तरी ही आम्ले अल्प असतात. ती ज्वारी, गहू, तांदूळ यांतून मिळतात. जो भाकरीबरोबर वाटीभर लाखेचे वरण खातो त्याच्या शरीरात विषाबरोबर त्याचा उताराही जातो. ज्याच्या ताटात महिनोन् महिने लाखच असते त्यास विष पूर्ण मिळते आणि कवच मिळत नाही. दुष्काळ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडवून आणतो.

या दृष्टीने पाहता 1961 च्या निर्बंधाने बियाण्यास अपराधी ठरविले, मजुरीची रीत व उपासमार यांस हात लावला नाही. विदर्भात त्या बंदीविरुद्ध चळवळ झाली ती याच मुद्द्यावर. पुढे कमी विषाचे ‘रतन’, ‘महातिवडा’ यांसारखे वाण निघाले. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषाचा बराच अंश जातो, हेही सिद्ध झाले आहे.

आपल्या परिसरात लाख नाही, पण फवारणी आहे. डेरिस वनस्पतीच्या मुळांतून काढलेले रोटेनोन हे कीटकनाशक त्याच पहिल्या समूहावर आघात करते. 2000 साली त्याच्यामुळे उंदरांत कंपवाताची लक्षणे उत्पन्न झाली. रोटेनोन किंवा पॅराक्वाट हे तणनाशक हाताळणाऱ्या अमेरिकेतील लोकांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळल्याचे 2011 साली प्रसिद्ध झाले. यावरून मिरज-तासगावच्या द्राक्षबागांविषयी कोणताही निष्कर्ष काढणे अशास्त्रीय ठरेल. येथील प्रश्नाचा अभ्यास येथेच व्हावयास हवा. त्यासाठी कोणत्या वर्षी, कोणत्या बागेत, कोणते औषध, कोणाच्या हातून फवारले गेले, आणि त्या मजुराचे जेवण काय होते, याची टिपणे आजच ठेवली पाहिजेत. हात कापू लागेपर्यंत दशके लोटतात, आणि तोवर फवारणाऱ्यासही औषधाचे नाव आठवत नाही. सागरच्या त्या खेड्याची पिके कोणी लिहून ठेवली नसती, तर तेथील तरुणांचे पांगळेपण दैवाच्या खाती जमा झाले असते.