एफ६ दाबा, फ्लॉपी घाला

हैदराबादेत मुशी नदी ओलांडून, मलकपेठ मागे टाकून विजयवाड्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात दिलसुखनगर येते. साईबाबांचे मंदिर, बस डेपो, सप्टेंबर २०१८ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो आणि या सगळ्यांवर ताण करणाऱ्या पाट्या: कोचिंग, हॉस्टेल, कॉम्प्युटर कोर्स. हायटेक सिटीतल्या सायबर टॉवर्सचे उद्घाटन नोव्हेंबर १९९८ मध्ये झाले आणि हैदराबादेत संगणक शिकवणे हाच एक उद्योग होऊन बसला. सॉफ्टवेअरच्या शिकवण्यांत अमीरपेठेने नाव काढले. दिलसुखनगरलाही वर्ग निघाले, हॉस्टेले भरली आणि त्यांच्या आधाराने असेंबल्ड पीसी जोडून देणारी, बिघडलेला दुरुस्त करणारी छोटी दुकाने वाढली.

मराठवाड्याला हे शहर परके नाही. १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ निघेपर्यंत तिकडची महाविद्यालये इथल्या उस्मानिया विद्यापीठाशीच जोडलेली होती, आणि नांदेड-परभणीकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात ते काचीगुडा स्टेशन दिलसुखनगरहून जवळच. त्यामुळे या गल्ल्यांत हार्डवेअरचा कोर्स करून गावी दुकान थाटणाऱ्यांत मराठी मुलेही होती. २००० ते २०१० या काळात हे काम शिकलेल्या कुणालाही विचारा, एका निळ्या पडद्याची आठवण निघतेच.

तो पडदा विंडोज एक्सपीच्या इन्स्टॉलेशनचा. सीडी घातली की पडदा निळा होई, फाइली भरत जात आणि मग एकदम कळे की या संगणकात हार्ड डिस्कच सापडली नाही. डिस्क तर समोर असायची, केबल लागलेली, हात लावला तर फिरतानाची थरथर जाणवायची. तरी एक्सपीच्या लेखी ती नव्हतीच.

कारण साधे होते. प्रोसेसर डिस्कशी थेट बोलत नाही. मध्ये कंट्रोलर नावाची चिप असते आणि तिच्याशी कसे बोलायचे ते ड्रायव्हर सांगतो. एक्सपीची मूळ प्रत ऑगस्ट २००१ मध्ये पक्की झाली. तेव्हा घराघरांतल्या संगणकांत रुंद, चपट्या केबलीच्या आयडीई डिस्क होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर सीडीतच होते. बारीक केबलीच्या साटा डिस्क २००३ च्या सुमारास बाजारात आल्या. २००४ मध्ये साटासाठी ‘एएचसीआय’ ही नवी कार्यपद्धती ठरली आणि इंटेलच्या त्या वर्षीच्या आयसीएच६ चिपमध्ये ती आलीही. एक्सपी मात्र २००१ मध्येच थांबलेला. पुढे २००८ मध्ये तिसरा सर्व्हिस पॅक आला, तरी त्यातही एएचसीआयचा ड्रायव्हर नव्हता. विंडोज डिस्कवर चढवल्याशिवाय ड्रायव्हर टाकता येत नाही आणि ड्रायव्हर असल्याशिवाय डिस्क दिसत नाही, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखे.

मायक्रोसॉफ्टने यावर तोड काढून ठेवलेली होती, पण ती दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी. सर्व्हरमध्ये स्कझी आणि रेड नावाचे डिस्क कंट्रोलर असत, त्यांचे प्रकार अनेक. म्हणून एक्सपी ज्यातला, त्या एनटीच्या घराण्यातल्या विंडोजमध्ये इन्स्टॉलेशनच्या सुरुवातीला काही सेकंद पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटे: बाहेरचा स्कझी किंवा रेड ड्रायव्हर टाकायचा असेल तर एफ६ दाबा. सर्व्हर रूममधल्या मोजक्या लोकांसाठी ठेवलेली ही सोय साटा आल्यावर गल्लीतल्या दुकानदाराच्या वाट्याला आली.

एफ६ दाबल्यावर लगेच काहीच होत नसे. नवखा मुलगा घाबरून चार-पाचदा दाबायचा. जाणता एकदा दाबून हात मागे घ्यायचा. फाइली भरून झाल्या की पडदा विचारी, आणखी ड्रायव्हर द्यायचा आहे का? मग ‘एस’ दाबायचा आणि फ्लॉपी घालायची. फ्लॉपीच, कारण एक्सपी या टप्प्यावर ‘ए’ ड्राइव्हखेरीज कुठेच पाहत नसे. सीडी चालत नसे, पेनड्राइव्ह चालत नसे. फ्लॉपीच्या मुळाशी ‘टीएक्सटीसेटअप डॉट ओईएम’ नावाची फाइल हवी. तिच्यातली यादी पडद्यावर येई. इंटेलच्या फ्लॉपीत एकाखाली एक जवळपास सारखीच नावे असत, फरक शेवटच्या अक्षरांचा: आयसीएच७आर डेस्कटॉपचा, आयसीएच७एम लॅपटॉपचा. चुकीची ओळ निवडली तर डिस्क दिसत नसे, नाहीतर पुढे निळ्या पडद्यावर ७बी हा कोड झळके, म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तीच हाती लागत नाही. बरोबर ओळ निवडून फ्लॉपी घाईने काढली तरी फसगत, कारण फाइली डिस्कवर उतरवताना सेटअप तीच फ्लॉपी पुन्हा मागे.

गंमत अशी, की हे चालू असताना बाकीचे जग फ्लॉपीला निरोप देत होते. १९९८ च्या आयमॅकमध्ये फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता. डेलने २००३ मध्ये काही डेस्कटॉपमधून तो वगळायला सुरुवात केली. तरी दुरुस्तीच्या दुकानात एक चालू ड्राइव्ह आणि बऱ्या फ्लॉप्यांचा डबा जपून ठेवावा लागे, तो या एका बटणापायी. मदरबोर्डच्या सीडीत ड्रायव्हर असे, पण त्याची फ्लॉपी बनवायला दुसरा चालू संगणक लागे. लॅपटॉपला ड्राइव्हच नसल्याने यूएसबीचा बाहेरून जोडायचा, तर एक्सपीचा सेटअप त्यातली मोजकीच मॉडेल ओळखे. वर धूळ आणि बुरशी होतीच. १.४४ एमबीच्या त्या चकतीवर एक सेक्टर खराब निघाला की सगळे पहिल्यापासून.

यातून दोन पळवाटा निघाल्या. पहिली बायोसमधली, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमधली: साटाचा मोड ‘एएचसीआय’वरून ‘आयडीई’ किंवा ‘कम्पॅटिबल’ करायचा. एक्सपीला जुनीच डिस्क असल्यासारखे वाटे आणि काम उरके. डिस्कच्या नव्या करामती वाया जात, पण त्याची तक्रार सहसा कुणी करत नसे. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये मात्र ही निवडच नसे. तिथे दुसरी वाट: ‘एनलाइट’सारख्या प्रोग्रामने ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवी सीडी जाळायची. दुकानांच्या ड्रॉवरमध्ये मार्करने ‘एक्सपी साटा’ लिहिलेल्या सीडी जमा झाल्या. त्यातल्या बऱ्याच बिनपरवान्याच्या होत्या, हेही सांगितले पाहिजे.

जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आला. त्यात एएचसीआयचा ड्रायव्हर होता आणि सीडी वा पेनड्राइव्हवरूनही ड्रायव्हर घेण्याची सोय होती. प्रश्न तिथेच मिटायला हवा होता. पण लोकांना व्हिस्टा जड वाटला आणि नव्या लॅपटॉपवर एक्सपी टाकून मागणाऱ्यांची रीघ लागली. हा निव्वळ हट्ट नव्हता. लग्नपत्रिका छापणाऱ्याचा पेजमेकर ७ हा २००१ चा, त्यावर मराठीसाठी श्रीलिपी, तेलुगूसाठी अनू. एक्सपीवर बसलेली ही घडी मोडायला कुणी धजत नसे. बँकांचीही तीच कथा. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी एटीएममधून तो काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून वर्षभराची मुदत द्यावी लागली.

आणि दुखणे संपलेही नाही. पिढी बदलली, एवढेच. विंडोज ७ च्या मूळ डीव्हीडीत एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या एसएसडी डिस्कचा ड्रायव्हर नव्हता, तो नंतर वेगळा द्यावा लागला. इंटेलच्या अकराव्या पिढीचे लॅपटॉप आले तेव्हा विंडोज १० च्या सेटअपलाही एसएसडी दिसेना, कारण मध्ये ‘व्हीएमडी’ नावाचा नवा कंट्रोलर. त्यासाठी इंटेलने दिलेल्या ड्रायव्हरच्या फोल्डरचे नाव आहे ‘एफ६व्हीएमडीएफएलपीवाय’. एफ६ दाबायची गरज उरली नाही, फ्लॉपी तर कधीच गेली. नावात दोन्ही शाबूत आहेत.

तेव्हा नव्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना ‘एकही ड्राइव्ह सापडला नाही’ असे दिसले, तर एसएसडी गेला असे लगेच समजू नका आणि नवा विकत घ्यायची घाईही करू नका. कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या, झिप फाइल असेल तर ती उघडून ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवा. बायोसमधला मोड आधीच चढवलेल्या विंडोजवर बदलू नका, नाहीतर ती सुरूच होणार नाही. बदललाच असेल, तर पूर्ववत केल्यावर बहुधा मार्गी लागते. डेटाचा बॅकअप मात्र या सगळ्याच्या आधी.