लिनक्स टाकताना अडलेली माणसे

१९९३ साली घरच्या पीसीवर लिनक्स टाकायचे, तर सुरुवात फ्लॉपीपासून व्हायची. त्या जुलैत पॅट्रिक व्होल्कर्डिंगने स्लॅकवेअर या लिनक्स-संचाची पहिली आवृत्ती जाहीर केली, ती २४ फ्लॉपींची होती. मॉडेमवरून तासन्‌तास उतरवायचे, एकेक फ्लॉपी लिहायची आणि मग क्रमाने ड्राइव्हमध्ये घालत राहायचे. मधल्याच एखादीत खराब सेक्टर निघाला, की सगळे तिथेच थांबायचे. ती पुन्हा बनवायला दुसरा चालू संगणक लागायचा, आणि तो घरोघरी नव्हता.

स्लॅकवेअर जन्मलेच मुळी अशा वैतागातून. त्याआधी एसएलएस नावाचा लिनक्स-संच लोकप्रिय होता, पण त्यात चुका फार. अमेरिकेतल्या मूरहेड इथे शिकणारा व्होल्कर्डिंग आपल्या प्राध्यापकांसाठी तो संच घरच्या आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर टाकत होता. प्रत्येक यंत्रावर त्याच दुरुस्त्या पुन्हा करायचा कंटाळा आल्यावर त्याने त्या थेट मूळ संचातच घातल्या. एसएलएसला कंटाळलेला दुसरा विद्यार्थी, इयन मर्डॉक, याने त्याच ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली. आजही नांदणारे हे दोन्ही संच इन्स्टॉलेशनच्या त्रासाने घडवले आहेत, ही गोष्ट या इतिहासात पुरेशा ठळकपणे सांगितली जात नाही.

फ्लॉपी संपल्या तरी सुटका नसे. खरी परीक्षा पहिल्या रीस्टार्टला. वेर्नर आल्मेस्बर्गरने लिहिलेला लिलो हा बूटलोडर आपल्या नावाची चार अक्षरे एकेक करून पडद्यावर उमटवत असे, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे कामाचा एक टप्पा. चारही उमटली तर जिंकलात. पण पुष्कळांच्या पडद्यावर फक्त 'एल' आणि 'आय' दिसायचे आणि यंत्र गप्प व्हायचे. याचा अर्थ, दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला गेला पण चालू झाला नाही. बहुतेकदा डिस्कच्या मोजमापाविषयी बायोस आणि लिलो यांचे जमलेले नसे. जुना बायोस डिस्कचे पहिले १०२४ सिलिंडरच वाचू शकत असल्याने कर्नल त्यापलीकडे गेला तरी बूट अडायचे. म्हणून जाणती मंडळी डिस्कच्या सुरुवातीलाच बूटसाठी छोटे पार्टिशन राखून ठेवत. शिवाय लिनक्सनंतर विंडोज ९५ टाकले, तर ते बूट सेक्टरवर स्वतःचा कोड लिहून लिलो पुसून टाके. आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम लोक असे नुकसान सोसून शिकले.

चित्रमय पडद्याची कथा याहून जिवावरची. तो पडदा उभा करणाऱ्या एक्सफ्री८६ या सॉफ्टवेअरला मॉनिटरच्या आडव्या आणि उभ्या फ्रीक्वेन्सीचे आकडे हाताने द्यावे लागत. ते चुकले तर मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशारा माहितीपत्रकांतच असे. मॉनिटरसोबत आलेले कागद ज्यांनी टाकून दिले, ते आकडे कुठून आणणार?

यात दोष वापरणाऱ्याच्या अज्ञानाचा नव्हता. हार्डवेअर बनवणाऱ्या कंपन्या आतली माहिती देत नसत. 'विनमॉडेम' याचे ठळक उदाहरण. मॉडेमचे बरेचसे काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर सोपवलेले असल्याने लिनक्सवर ते कार्ड निरुपयोगी ठरे. इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर मिळत नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट लागत नाही, असा तो पेच.

भारतात नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'पीसी क्वेस्ट' मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. डायलअपचे बिल भरण्यापेक्षा अंक विकत घेणे कितीतरी स्वस्त होते. पुढे २००४च्या ऑक्टोबरात उबुंटू या लिनक्स-संचाची पहिली आवृत्ती आली आणि 'शिपइट' योजनेतून सीडी पोस्टाने फुकट येऊ लागल्या. ही योजना २०११पर्यंत चालली. त्या काळात मंद इंटरनेट असलेल्या देशांतल्या विद्यार्थ्यांना तिचा जेवढा उपयोग झाला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. २००६च्या जूनमधल्या आवृत्तीपासून एकाच सीडीवर आधी चालवून पाहण्याची आणि पटले तर तिथूनच बसवण्याची सोय झाली. वायफाय चालते का, आवाज येतो का, हे डिस्कला हात न लावता कळू लागले.

वायफायचा तिढा मात्र सुटायला वेळ लागला. अनेक कार्डांना लागणारे फर्मवेअर मुक्त परवान्याचे नसल्यामुळे डेबियन ते आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालत नव्हते. नेटवर्कवरून पुढचे पॅकेज घ्यायची वेळ आली, की इन्स्टॉलर फर्मवेअरची फाइल मागायचा, आणि ती वेगळ्या पेनड्राइव्हवर आणून द्यावी लागायची. तत्त्व सोडायचे नाही म्हणून हा त्रास अनेक वर्षे चालला. अखेर २०२२मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदान घेऊन फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचे ठरवले, आणि २०२३च्या जूनमध्ये निघालेल्या बाराव्या आवृत्तीत ते आले.