दुपारच्या अक्षता आणि उजेडातली पंगत



माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. मार्गशीर्षातला मुहूर्त निघालाय, दुपारी २ वाजून १० मिनिटांनी. घरात सगळे खूश. "बरं झालं, पहाटेपासून पळापळ नको, आरामात आवरता येईल," असं जाऊबाई म्हणाल्या. मला मात्र आजी आठवली.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्याच घरात असंच एक दुपारचं लग्न झालं. मुहूर्त चारच्या आसपासचा. वरात रेंगाळली आणि अक्षता पडायला पावणेपाच झाले. मग आहेर झाले, फोटो झाले. पहिली पंगत बसली तेव्हा कार्यालयात दिवे लागलेले होते. आजीला रात्रिभोजनत्यागाचं व्रत होतं. तिच्यासारख्या आणखी सात-आठ जणी होत्या. सगळ्या भिंतीकडेच्या खुर्च्यांवर हात जोडून बसून राहिल्या, पाण्याचा घोटही न घेता. कुणी काही बोललं नाही. घरी आल्यावर आजी एवढंच म्हणाली, "अगं, आमच्या वेळी घड्याळ नव्हतं, पण उशीर होत नसे."

तेव्हा मला ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं होतं. आता नियोजनाला बसले आणि जुन्या काळची वेळ कशी मोजत हे शोधलं, तेव्हा तिच्या बोलण्यातला अर्थ कळला.

पूर्वी लग्नघरी घटिकापात्र मांडत. पातळ तांब्याची अर्धगोल वाटी, तळाला बारीक भोक. पाणी भरलेल्या घंगाळात ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत येत राही आणि वाटी भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे आपली २४ मिनिटं. अशा ६० घटिका म्हणजे एक अहोरात्र. एका घटिकेची ६० पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. मोजणी सूर्योदयापासून सुरू व्हायची. म्हणून जुन्या पंचांगात "दुपारी दोन" असं नसे, "इतक्या घटिका, इतकी पळे" असं असे.

आमचा मुहूर्त मी तसा मांडून पाहिला. त्या दिवशी आमच्याकडे सूर्योदय साधारण ६.५० ला. त्यात १८ घटिका २० पळं मिळवली, म्हणजे ७ तास २० मिनिटं, की बरोबर २.१० होतात!

या वाटीची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट लीलावतीची. भास्कराचार्यांनी लेकीच्या लग्नाचा क्षण काढला, घटिकापात्र मांडलं. ती कुतूहलानं वाकून बघायला गेली, तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला आणि भोक बुजलं. वाटी बुडेना, आणि क्षण निघून गेला. फैजीनं १५८७ साली लीलावती ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्यात ही कथा येते. ती दंतकथाच आहे. पण मुहूर्त चुकण्याची धास्ती किती जुनी आहे, हे तिच्यातून दिसतं.

आता आपल्या घरातलं बघा. दोन घटिका म्हणजे एक मुहूर्त, ४८ मिनिटं. नवकारसी सूर्योदयानंतर किती वेळानं? ४८ मिनिटांनी. गाळलेलं पाणी पुन्हा कधी गाळायचं? एका मुहूर्तानं. सामायिक किती वेळ? तेही एक मुहूर्त. संध्याकाळच्या जेवणाचंही तसंच. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात दिवसाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन-दोन घटिका जेवणासाठी वर्ज्य सांगितल्या. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागार धर्मामृतात पहिला आणि शेवटचा मुहूर्त सोडायला सांगितलं. म्हणजे श्वेतांबर-दिगंबर दोन्हीकडे माप एकच.

आपल्या शास्त्रात तर मुहूर्त श्वासांनी मोजलाय. सात उच्छ्वासांचा एक स्तोक, सात स्तोकांचा एक लव, ७७ लवांचा एक मुहूर्त. गुणाकार करा, ३७७३ श्वास होतात. निरोगी, स्वस्थ माणसाचे श्वास बरं का, धावपळ करणाऱ्याचे नव्हेत!

तर आजीच्या काळात लग्नाचा क्षण आणि जेवणाची मर्यादा एकाच मापानं मोजली जात होती. वाटी मांडणाऱ्याला अक्षतांपर्यंत किती घटिका ते जसं कळे, तसंच दिवस मावळायला किती उरल्या तेही कळे. दोन्हींचं मूळ सूर्यात होतं.

मग हे सुटलं कुठं? वेळ सूर्यावरून निघून घड्याळात गेली तेव्हा. आधी गावागावाची वेळ वेगळी होती. १ जानेवारी १९०६ पासून देशभरासाठी एक प्रमाणवेळ आली. मुंबईनं मात्र आपली जुनी वेळ सोडली नाही. 'बॉम्बे टाइम' प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागं असे आणि तो १९५५ पर्यंत चालू राहिला. ज्या शहरात दोन वेळा चालत, तिथं नुसतं "दुपारी दोनला या" म्हणून कसं भागणार? आपल्या कोल्हापुरातही सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या बारापेक्षा साधारण अर्ध्या तासानं उशिराच येते. एक प्रमाणवेळ आल्यानं गाड्या, कचेऱ्या, शाळा यांची सोय झाली, त्यात वाद नाही. पण पत्रिकेवर एकच आकडा उरला, अक्षतांचा. सूर्यास्त पत्रिकेवर कुणी छापत नाही. तो छापलेला नसल्यामुळं आमच्या त्या लग्नात कुणाच्या ध्यानातच राहिला नाही.

म्हणून या वेळी मी नियोजन उलट बाजूनं केलं, सूर्यास्ताकडून मागं येत. सूर्यास्त साधारण ६ ला. एक मुहूर्त आधी म्हणजे ५.१२ ला शेवटचं पाणी. त्यासाठी शेवटची पंगत ४.१५ ला बसलीच पाहिजे. पहिली पंगत अक्षता झाल्या झाल्या, २.३० ला. तिच्यात व्रती, वयस्कर आणि लांबचे पाहुणे. फेरे आणि सप्तपदी चालू असताना एकीकडं पंगती उठतील. कुटुंबातली चार माणसं फक्त वाढपाकडं बघतील, त्यांनी फोटोला यायचं नाही. नवरा-नवरी आणि दोन्हीकडचे आईवडील पावणेचारला ताटावर. आहेर आणि फोटो जेवणानंतर, पाठवणी सहाच्या आत.

सकाळ मोकळीच ठेवली आहे. सातला मंदिरात दर्शन-अभिषेक, ७.३८ ला नवकारसी झाली की नाश्ता, मग आवराआवर. ११.३० ला थोडं खाणं, कारण दुपारच्या लग्नात नवरीच उपाशी राहते आणि मांडवात तिलाच भोवळ येते. वऱ्हाड १२ ला दारात, पूजा १२.३० ला सुरू, १.२० पर्यंत पूर्ण.

१.२० ते २.१० मध्ये काय, असं जाऊबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही." त्या हसल्या. पण तो मुहूर्तभर वेळ मी मुद्दाम रिकामा सोडलाय. वरात रेंगाळली, हार विसरला, कुणाची गाडी अडकली, तर ते सगळं त्यात जिरेल. आणि काहीच झालं नाही, तर नवरी आईशेजारी घटकाभर शांत बसेल. ३७७३ श्वासांचा तो वेळ आहे.

पत्रिकेवर मुहूर्ताखाली एक ओळ घालायला सांगितलीय: "भोजन दुपारी २.३० पासून, सूर्यास्तापूर्वी." छापखान्यातला मुलगा म्हणाला, "काकू, असं कुणी लिहीत नाही." म्हटलं, तू लिही.

आजी आता नाही. पण तिच्या बरोबरीच्या दोघीजणी अजून आहेत. त्यांना फोन करून सांगितलं, "या वेळी जेवूनच जायचं."