मुळा आवडणारा गणपती

गेल्या वर्षी चतुर्थीला रजा मिळाली नाही. तिकडे वेळणेश्वरला मखर सजत होतं आणि मी टोकियोत, निशिकासाईच्या फ्लॅटवर, बग शोधत बसलो होतो. रविवारी वैतागून मेट्रो पकडली, निहोम्बाशीला बदलली आणि आसाकुसाला उतरलो.

टूरिस्टांची गर्दी असते ती सेन्सोजी मंदिरात. कथा अशी, की इ.स. 628 मध्ये सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, मूर्ती आली. समुद्राकाठच्या माणसाला हे लगेच पटतं. मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात मंदिर जळालं. आत्ताचं 1958 चं, काँक्रीटचं.

मला जायचं होतं ते पुढे, टेकाडावरच्या मात्सुचियामा शोदेनला. इथला देव कांगितेन, म्हणजे विनायक. पायऱ्यांपासून सगळीकडे दोनच खुणा: पैशांची थैली आणि एकमेकांत गुंतलेले दोन मुळे. दुर्वा नाहीत, जास्वंद नाही. लोक पांढरेशुभ्र मुळे विकत घेऊन देवाला वाहतात. दारूही चालते! मूर्ती मात्र दिसत नाही. एकमेकांना मिठी मारलेल्या दोन गजमुखी आकृती, कायम पडद्याआड.

'जपानमध्येही आपलाच गणपती' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. मला तो अर्धवट वाटतो. आपल्या जुन्या ग्रंथांत विनायक हे विघ्नं आणणारे, छळणारे होते. विघ्नहर्ता ही बढती नंतरची. तांत्रिक बौद्ध ग्रंथांतून हा विनायक चीनमध्ये गेला. कुकाई हा भिक्षू 806 मध्ये चीनहून परतला, त्याने जपानात शिंगोन पंथ रुजवला आणि त्या परंपरेतून विनायक तिथे वाढला. तिथल्या कथेत कान्नोन स्त्रीरूप घेऊन त्याला मिठीत घेते आणि तो निवळतो. म्हणजे निघाला आपल्याकडून, पण बाराशे वर्षं तिथे राहून तिथलाच झाला. मला दोन वर्षांत नीट वाकून नमस्कारही जमत नाही.

मोदकाचंही तसंच. क्योटोत 1617 पासूनचं कामेया कियोनागा नावाचं दुकान आहे. तिथे कांकिदान मिळतं: थैलीसारखी मोदकाची घडी, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण आणि मसाले, तिळाच्या तेलात तळलेलं. ओलं खोबरं नाही, त्यामुळे कोकणी माणूस त्याला मोदक म्हणेल का, शंका आहे.

परतताना कामिया बारमध्ये शिरलो. 1880 चा बार. इथल्या ब्रँडीच्या पेयाचं नाव 'देन्की बुरान', म्हणजे विजेची ब्रँडी, कारण तेव्हा वीजच नवलाची होती. आपण हल्ली प्रत्येक गोष्टीला एआय चिकटवतो, तसंच. बसल्या बसल्या घरी व्हिडिओ कॉल केला. ग्लास कॅमेऱ्याबाहेर. देवळात वाहिलेले मुळे भाविकांना प्रसाद म्हणून देतात, त्यातला एक माझ्या पिशवीत होता. तो आजीला दाखवला.

"गणपतीला मुळा? दुर्वा मिळत नाहीत का रे तिथे?"

"त्याला हाच आवडतो, आजी."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "प्रसाद आहे ना, टाकू नकोस. चणाडाळ घालून भाजी कर. आणि पाला पण घे."

निशिकासाईत भारतीयांची दुकानं भरपूर, चणाडाळ मिळाली. खोबरं मात्र सुकं होतं.